कोणाचं ऐकायचं आणि किती वेगाने पळायचं: अविनाश साबळेचं प्रकरण

३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीचा धावपटू अविनाश साबळे, त्याच्याबद्दल मराठीत भरपूर लिहून झालंय, पण बहुतेक सगळं एकाच वळणाचं आहे. आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव, वीटभट्टीवर राबणारे आईवडील, शाळेसाठी रोज सहा किलोमीटर, मग आर्मी, सियाचीन आणि मेडल. ते सगळं खरंच आहे आणि त्याचं मोल आहेच, पण आपण जे पहाटे उठून पळतो त्यांच्या कामाची गोष्ट त्यात नीट कोणी मांडत नाही. ती म्हणजे या माणसाने कोच कसे निवडले, एकाला सोडून दुसऱ्याकडे का गेला, परत पहिल्याकडे का आला, आणि त्या सगळ्या वर्षांत त्याचा पेस नेमका किती आणि कसा वाढला. आमच्या ग्रुपमध्ये नवीन आलेल्यांना मी प्लॅन करून देतो आणि प्रत्येकाचे प्रश्न हेच दोन असतात, सर कोणाचं ऐकू आणि कुठल्या पेसने पळू. त्याचं उत्तर द्यायला माझ्या मते या प्रकरणाइतकं चांगलं उदाहरण आपल्याकडे दुसरं नाही, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय, लांबेल पण वाचा.

आधी शर्यतीविषयी

स्टीपलचेस म्हणजे ३००० मीटर, त्यात २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या, एकूण ३५ वेळा जमीन सोडायची. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटीमीटर, आणि हा अडथळा साध्या हर्डलसारखा पाय लागला की पडत नाही, तो जागचा हलत नाही, पडायचं तर आपणच. त्यामुळे इथे पेस म्हणजे नुसता वेग नसतो, प्रत्येक अडथळ्याआधी पावलं जुळवायची, उतरल्यावर मोडलेली लय परत पकडायची, आणि हे सगळं दमलेल्या पायांनी. किती फरक पडतो ते अविनाशच्याच आकड्यांत दिसतं. त्याचा ५००० मीटरचा बेस्ट १३:१९.३० आहे म्हणजे किलोमीटरला साधारण २ मिनिटं ४० सेकंद, आणि स्टीपलचेसचा बेस्ट ८:०९.९१ म्हणजे किलोमीटरला २:४३. अंतर दोन किलोमीटरने कमी असूनही स्टीपलचेसचा पेस ३ सेकंदांनी हळू. जो कोच हे न बघता नुसत्या सपाट धावण्याच्या आकड्यांवरून स्टीपलचेसवाल्याचं ट्रेनिंग ठरवेल तो चुकणारच, आणि हेच रस्त्यावर, टेकडीवर, ट्रेलवर पळणाऱ्या आपल्यालाही लागू आहे. कात्रजच्या घाटातला सहाचा पेस, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं, आणि ट्रॅकवरचा सहाचा पेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, घड्याळात आकडा एकच दिसतो म्हणून फसू नका.

सुरुवात उशिरा झाली, आणि हे महत्त्वाचं आहे

जन्म सप्टेंबर १९९४ चा. बारावीनंतर आर्मीत, ५ महार रेजिमेंट. २०१३-१४ मध्ये सियाचीन, मग राजस्थानचं वाळवंट, २०१५ ला सिक्कीम. २०१५ मध्ये आर्मीच्या अंतर्गत क्रॉसकंट्रीत उतरला तेव्हा वय एकवीसच्या आसपास. आपल्याकडे चौदाव्या पंधराव्या वर्षी जिल्हा, विभाग, राज्य अशा स्पर्धा पळून विशीत संपलेली किती पोरं बघितलीत आपण, शाळेच्या वयातच त्यांच्याकडून रोज जीव काढून इंटरव्हल, म्हणजे मध्ये थांबून थांबून वेगात पळायचे तुकडे, करून घेतलेले असतात आणि अठराव्या वर्षी नडगी धरून बसतात. अविनाशचं ते झालं नाही, योगायोगाने म्हणा. लहानपणी शाळेला जायचं यायचं म्हणून जे चालणं पळणं झालं ते कोणी स्टॉपवॉच लावून करून घेतलेलं नव्हतं, आणि माझं स्पष्ट मत आहे की त्याचा खरा बेस, म्हणजे दमाचा पाया, तिथे तयार झाला. सियाचीनने धावपटू घडवला असं लोक म्हणतात ते मला तितकं पटत नाही. सियाचीनने सहनशक्ती दिली असेल, शिस्त नक्की दिली, पण बर्फात पहारा देऊन कोणाचा ४०० मीटरचा लॅप सुधारत नाही.

क्रॉसकंट्रीत त्याला पळताना बघितलं आर्मीचे कोच अमरीश कुमार यांनी, आणि २०१७ मध्ये स्टीपलचेसच्या ग्रुपमध्ये घेतलं. इथे थोडं थांबून विचार करा. या कोचने आधी माणसाला पळताना बघितलं, चिखलात, चढावर, दमल्यावर तो कसा पळतो ते बघितलं, आणि मग सांगितलं की तू ही शर्यत पळ. आधी प्लॅन आणि नंतर माणूस असं झालं नाही. आज आपण काय करतो, इन्स्टावर कोणाचे तरी अ‍ॅब्स बघतो, पैसे भरतो, व्हॉट्सॅपवर पीडीएफ येते, आणि ज्याने आपल्याला एक मीटरही पळताना बघितलेलं नाही तो आपला कोच होतो. ऑनलाइन कोचिंग वाईट असतं असं मी म्हणत नाही, पण निदान एक व्हिडिओ, गेल्या दोन महिन्यांचा डेटा, आधीच्या दुखापती, कामाची शिफ्ट, यातलं काहीच न विचारता जो प्लॅन पाठवतो त्याच्याकडे पैसे टाकू नका.

२०१८, दोन कोच आणि एक निर्णय

आता प्रकरणाचा गाभा. राष्ट्रीय शिबिरात तेव्हा मध्यम आणि लांब पल्ल्यासाठी कोच होते निकोलाय स्नेसारेव्ह, बेलारूसचे. हा माणूस साधासुधा नव्हता. २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये १०,००० मीटरला प्रीजा श्रीधरन आणि आपली सावरपाड्याची कविता राऊत यांनी गोल्ड सिल्व्हर आणलं, सुधा सिंगने स्टीपलचेसचं गोल्ड आणलं, ती सगळी यांच्या हाताखालची. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ललिता बाबर. साताऱ्याच्या माण तालुक्यातली मोही गावची पोरगी, मुंबई मॅरेथॉन भारतीय महिलांमध्ये जिंकणारी, तिला स्टीपलचेसमध्ये आणलं, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला तिने हीटमध्ये, म्हणजे फायनलआधीच्या फेरीत, ९:१९.७६ असा राष्ट्रीय विक्रम करून फायनल गाठली, पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी भारतीय खेळाडू ऑलिंपिकच्या ट्रॅक फायनलला, तिथे दहावी आली. म्हणजे या कोचची पद्धत चालते की नाही हा प्रश्नच नव्हता, चालत होती, तीही आपल्याच भागातल्या, आपल्यासारखंच भाकरी खाऊन वाढलेल्या मुलीवर, आणि त्याच शर्यतीत.

तरीही अविनाशला ती झेपली नाही. २०१८ मध्ये घोट्याची दुखापत झाली, जकार्ता एशियाड हुकलं, आणि परदेशी कोचचं रुटीन आपल्याला जमत नाही म्हणून तो शिबिरातल्या कोचला सोडून परत अमरीश कुमारांकडे गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भुवनेश्वरला ओपन नॅशनलमध्ये ८:२९.८० पळाला आणि गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा ८:३०.८८ चा विक्रम मोडला, ३७ वर्षं कोणी हात लावला नव्हता त्याला.

मला हा निर्णय फार मोठा वाटतो. तेवीस चोवीस वर्षांचा जवान, आर्मीतला, म्हणजे वरिष्ठांचं ऐकायची सवय रक्तात, समोर ऑलिंपिक फायनलिस्ट तयार केलेला कोच, आणि हा म्हणतो मला जमत नाही. आपल्याकडे कोच सोडला की लगेच गुरूद्रोह केल्यासारखं बघतात, ग्रुपमध्ये कुजबुज सुरू होते, बिचारा रनर तोंड लपवून वेगळ्या रस्त्याने पळायला लागतो. पण शरीर ज्याचं त्याला जे कळतं ते वही घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला कळेलच असं नाही.

आणि इथून काढायचा निष्कर्ष असा नाही की स्नेसारेव्ह कडक होते आणि अमरीश कुमार मवाळ, किंवा परदेशी वाईट आणि देशी चांगला. ललिताचं उदाहरण समोर असताना तसं म्हणणं हा अन्याय होईल. ललिता मॅरेथॉनकडून स्टीपलचेसला आली होती, ४२ किलोमीटरसाठी जे किलोमीटर पायात साठवावे लागतात ते तिच्या पायात आधीच होते, त्यामुळे मोठं ट्रेनिंग पचवायची ताकद होती. अविनाश रीतसर ट्रेनिंगमध्ये येऊन दोन तीन वर्षंच झालेली. हृदय आणि फुफ्फुसं काही आठवड्यांत सुधारतात, श्वास पुरायला लागतो आणि आपल्याला वाटतं की आता जमतंय, पण स्नायूबंध, हाडं, घोट्याची आणि पोटरीची शीर यांना मजबूत व्हायला महिनेच्या महिने लागतात, काही बाबतीत वर्षं. श्वास तयार आणि पाय तयार नाहीत या मधल्या काळात बहुतेक दुखापती होतात. अविनाशची ती विशिष्ट दुखापत यामुळेच झाली असा माझा दावा नाही. पण एकच ट्रेनिंग एकाला फायनलला नेतं आणि दुसऱ्याला झेपत नाही यामागचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच असतं, आणि ते आमच्या ग्रुपमध्ये दर सीझनला दिसतं. दहा वर्षं पळणाऱ्या काकांचा आठवड्याचा प्लॅन सहा महिन्यांपूर्वी सुरू केलेला आयटीवाला कॉपी करतो, वयाने पंधरा वर्षांनी लहान आहे म्हणून त्याला वाटतं आपल्याला सहज जमेल, आणि डिसेंबरमध्ये फिजिओकडे.

पुढचं वर्ष

२०१९ ला अमरीश कुमारांकडे असताना पतियाळाच्या फेडरेशन कपमध्ये ८:२८.९४, मग दोह्याच्या आशियाई स्पर्धेत सिल्व्हर, आणि त्याच वर्षी पुन्हा दोह्यातच वर्ल्ड चॅम्पियनशिप. हीटमध्ये दुसऱ्यांच्या पडापडीत हा दोनदा अडकला, तरी ८:२५.२३ चा नवा विक्रम, भारताने अपील केलं, पंचांनी मान्य केलं आणि फायनलला घेतलं. तीन दिवसांनी फायनलमध्ये ८:२१.३७, तेरावा आला, आणि त्या वेळेवर टोकियो ऑलिंपिकची पात्रता मिळाली.

म्हणजे आधीच्या ८:२८.९४ वरून तीन दिवसांच्या आत साडेसात सेकंद. तीन दिवसांत कोणाची फिटनेस एवढी वाढत नाही, ती आधीच तयार होती. घरच्या शर्यतींत तो पहिल्या लॅपपासून एकटा पुढे, मागे कोणी नाही, ओढणारं कोणी नाही. दोह्यात पहिल्यांदा इतके जण त्याच्यापेक्षा वेगवान होते आणि तो त्यांच्या मागे लागून पळाला. त्यामुळे रेसची वेळ नुसती बघून ट्रेनिंग पेस काढताना ती रेस कशी झाली हे विचारणारा कोच हवा. एकटे पळालात का, ऊन होतं का, पहिले दोन किलोमीटर गर्दीत गेले का. आपल्याकडच्या मोठ्या रेसमध्ये मागच्या कोरलमधून, म्हणजे सुरुवातीच्या मागच्या गटातून, सुटलेल्या माणसाची पहिली दहा मिनिटं नुसती वाट काढण्यात जातात, त्या वेळेवरून काढलेला पेस खोटा निघणार.

सोडलेला कोच परत येतो

स्नेसारेव्ह २०१९ च्या फेब्रुवारीत पद सोडून गेले होते. टोकियोसाठी भारतीय फेडरेशनने त्यांना परत बोलावलं, अविनाशच्या तयारीसाठीच. २०२१ च्या मार्चच्या सुरुवातीला ते भारतात आले आणि ५ मार्चला पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतल्या आपल्या खोलीत मृतावस्थेत सापडले, ७२ वर्षांचे होते. बाराव्या दिवशी, १७ मार्चला, त्याच पतियाळात अविनाशने फेडरेशन कपमध्ये ८:२०.२० असा पुन्हा नवा राष्ट्रीय विक्रम केला.

हे वाचून मला नेहमी वाटतं की २०२१ चा अविनाश त्या कोचच्या हाताखाली कसा पळाला असता ते आपल्याला बघायला मिळायला हवं होतं. कारण मधल्या काळात तो बदलला होता. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये दिल्ली हाफ मॅरेथॉन १:००:३० मध्ये पळाला होता, किलोमीटरला २:५२ ने सलग एकवीस किलोमीटर, ६१ मिनिटांच्या आत जाणारा पहिला भारतीय. ज्या पायांना २०१८ मध्ये एक रुटीन झेपलं नव्हतं त्या पायांत आता कितीतरी जास्त साठा होता, तेच रुटीन कदाचित आता पचलं असतं. सल्ला तोच राहतो, घेणारा माणूस बदलतो. म्हणून एखाद्या कोचशी जमलं नाही तर भांडून, ग्रुप सोडताना मोठ्ठा मेसेज टाकून जाऊ नका, नीट सांगून बाहेर पडा, तीन वर्षांनी त्याच माणसाची गरज लागू शकते.

टोकियोत हीटमध्ये ८:१८.१२, परत नवा विक्रम, पण हीटमध्ये सातवा, फायनल नाही. त्याआधी काही महिने कोविड होऊन गेला होता. कोविडनंतर लगेच जुन्या पेसवर यायचा प्रयत्न करून त्रासात पडलेले रनर आपण सगळ्यांनीच बघितलेत, त्यामुळे त्या परिस्थितीत तरी विक्रम होणं हे मला मेडलच्या तोडीचं वाटतं.

कोलोराडो

यानंतर तिसरा कोच, स्कॉट सिमन्स, अमेरिकेतल्या कोलोराडो स्प्रिंग्जचे. तिथे त्यांचा अमेरिकन डिस्टन्स प्रोजेक्ट नावाचा ग्रुप आहे, त्यात केनियात जन्मलेले आणि अमेरिकन आर्मीत असलेले धावपटू, रिओत ५००० मीटरचं सिल्व्हर घेणारा पॉल चेलिमो त्यांचाच. आपल्या जवानाला तिथे आर्मीवालेच सोबती मिळाले, फक्त त्याच्यापेक्षा वेगवान. दोह्याच्या अनुभवातून जे दिसलं होतं, की याला ओढणारं कोणीतरी हवं, ते आता रोजच्या सरावात मिळायला लागलं. अमरीश कुमार कमी पडले म्हणून नव्हे, पण पतियाळात किंवा पुण्यात कितीही चांगला कोच असला तरी ८:१० च्या वेगाने पळणारे सोबती तो कुठून आणणार.

शहराची उंची साधारण १८४० मीटर. इतक्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे त्याच मेहनतीत पेस हळू येतो, आणि जो रनर आपले सपाटीचे आकडे तिथे धरून बसेल तो रोजचा इझी रनसुद्धा रेससारखा पळून आठवड्यात बसेल. उंचीवर ट्रेनिंगची मूळ शिस्तच ही, घड्याळाकडे कमी आणि श्वासाकडे जास्त लक्ष. आपल्याला उंची नाही पण ऑक्टोबर हीट आहे, मुंबईची दमट हवा आहे. जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारा माणूस सप्टेंबर ऑक्टोबरमध्ये घामाने निथळत पळतो, पेस किलोमीटरला वीस तीस सेकंदांनी पडतो, तो घाबरतो की मी मागे चाललोय आणि अजून जोर लावतो. काही मागे चाललेला नसतो. तीच मेहनत थंडी पडल्यावर वेगाने दिसते, फक्त तोपर्यंत धीर धरायला सांगणारं कोणीतरी लागतं.

२०२२ मध्ये मार्चला तिरुवनंतपुरममध्ये ८:१६.२१ आणि मे महिन्यात कॅलिफोर्नियात ५००० मीटर १३:२५.६५, बहादूर प्रसाद यांचा १९९२ चा १३:२९.७० चा विक्रम गेला. स्टीपलचेसवाल्याला सपाट ५००० का पळवायचं, तर सपाट धावण्याचा वेग वाढला की अडथळ्यांसह असलेला रेस पेस तुलनेने सोपा पडतो, उडी मारायला पायात ताकद उरते. महिन्याभरात रबातला डायमंड लीग या अव्वल धावपटूंच्या मालिकेत ८:१२.४८.

मग जुलैत यूजीन वर्ल्ड चॅम्पियनशिप, आणि तिथे अकरावा, वेळ ८:३१.७५. सहा आठवड्यांपूर्वी ८:१२ पळालेला माणूस, लोकांनी लगेच बोलायला सुरुवात केली, अमेरिकेत ठेवून काय उपयोग झाला वगैरे. पण ती शर्यत बघा, जिंकणारा मोरोक्कोचा एल बक्कालीच ८:२५.१३ मध्ये जिंकला, सगळे हळू हळू एकमेकांकडे बघत पळाले आणि शेवटच्या लॅपला स्प्रिंट. अविनाशची ताकद सलग वेगवान पळण्यात, शेवटच्या ३०० मीटरच्या झटक्यात नाही. तीन आठवड्यांनी बर्मिंगहॅमला कॉमनवेल्थमध्ये शर्यत वेगात झाली आणि ८:११.२०, केनियाच्या अब्राहम किबिवोटच्या फक्त ०.०५ सेकंद मागे, सिल्व्हर. १९९८ पासून प्रत्येक कॉमनवेल्थमध्ये स्टीपलचेसची तिन्ही मेडलं केनियाने नेली होती, ती मालिका इथे तुटली. तीन आठवड्यांत त्याचं ट्रेनिंग बदललं नव्हतं, शर्यत त्याच्या पेसची मिळाली एवढंच. एका वाईट रेसवरून कोच बदलणाऱ्यांना मी हे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून दाखवतो.

पुढच्या वर्षी हेच पुन्हा झालं. बुडापेस्ट वर्ल्डमध्ये हीटलाच बाहेर, आणि सहाएक आठवड्यांनी हांगझू एशियाडमध्ये त्याने वाटच बघितली नाही, सुरुवातीपासून पुढे निघाला, आपल्या पेसने शर्यत ओढत नेली आणि ८:१९.५० चा स्पर्धा विक्रम करून गोल्ड, दुसरा जपानी चार सेकंद मागे. २०२४ च्या जुलैत पॅरिस डायमंड लीगला ८:०९.९१, दहाव्यांदा राष्ट्रीय विक्रम, आणि त्याच पॅरिसमध्ये ऑलिंपिक फायनल, अकरावा. स्टीपलचेसच्या ऑलिंपिक फायनलला पोचलेला पहिला भारतीय पुरुष. २०२५ ला गुमीत आशियाई स्पर्धेचं गोल्ड मिळवलं आणि जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत गुडघ्याचं लिगामेंट, एसीएल, गेलं, टोकियोची वर्ल्ड चॅम्पियनशिप हुकली.

आता हे सगळे आकडे लॅपमध्ये मांडून बघू

८:२९.८० म्हणजे ४०० मीटरला सरासरी ६८ सेकंद. ८:०९.९१ म्हणजे ६५.३. भुवनेश्वर ते पॅरिस, २०१८ ते २०२४, सहा वर्षं, तीन कोच, दोन खंड, आर्मीची पूर्णवेळ व्यवस्था, आणि सुधारणा ४०० मीटरला २.७ सेकंदसुद्धा पूर्ण नाही. किलोमीटरला साडेसहा सेकंदांच्या आसपास. देशातला सर्वोत्तम माणूस, दुसरं काही काम नाही, तो वर्षाला किलोमीटरमागे साधारण एक सेकंद कमावतो. हे मी लिहून दाखवतो तेव्हा ग्रुपमधली माणसं गप्प होतात, कारण त्यांना एका सीझनमध्ये किलोमीटरला एक मिनिट हवं असतं. अर्थात नवशिक्याची सुधारणा खूप जास्त असते, पहिल्या वर्षी मिनिट सुटूही शकतं, पण ते सुटतं नियमित हळू पळण्याने, रोज स्वतःला पिळून नाही.

मग आपला पेस कसा काढायचा. समजा तुमची हल्लीची खरी १० किलोमीटरची वेळ ६० मिनिटं आहे, हल्लीची म्हणजे गेल्या दोन महिन्यांतली, तीन वर्षांपूर्वीच्या सुवर्णकाळातली नाही. नेहमीच्या रीगलच्या सूत्राने हाफ मॅरेथॉनचा अंदाज येतो २ तास १२ मिनिटं, तोही लाँग रन झालेले असतील तरच. अशा माणसाचा इझी पेस साधारण सातच्या पुढे, पावणेआठपर्यंतही चालेल, आणि आठवड्यातलं बहुतेक पळणं या पेसने. ऐकायला अपमान वाटतो, मला माहितीये, साडेसहाने पळता येत असताना साडेसात कशाला, पण साडेसहाचा पेस या माणसासाठी ना धड इझी ना धड कामाचा टेम्पो, म्हणजे जोराचं सलग पळणं, रोज थोडा थकवा साठवत जाणारा मधलाच प्रकार. पूर्ण वाक्यं न तुटता बोलता येतायत का, हीच तपासणी पुरेशी आहे. घड्याळातले हार्ट रेट झोन २२० वजा वय या सूत्रावर असतील तर त्यावर फार विसंबू नका, ती सरासरी आहे, एकेका माणसात दहा बारा ठोक्यांचा फरक सहज निघतो, चाळिशीतल्या एकाचा खरा मॅक्स १६८ आणि दुसऱ्याचा १९२ असू शकतो आणि घड्याळ दोघांनाही १८० च धरून चालतं.

आणि कोचला विचारायचा प्रश्न एकच, हा वेग तुम्ही कशावरून काढलात. तुझ्या मागच्या ५ किलोमीटरवरून काढला, तू मंगळवारी बिघडलास म्हणून गुरुवारचं कमी केलं, असं उत्तर आलं तर धरून राहा, मग तो फुकट शिकवणारा गल्लीतला माणूस का असेना. सगळ्यांना हाच देतो, मी स्वतः असंच केलं, चॅम्पियन असंच करतात, ही उत्तरं आली तर सर्टिफिकेटं कितीही असोत, निघा. सकाळी उठल्यावर नाडी नेहमीपेक्षा जास्त, झोप तुटतेय, इझी रनचा पेस दोन आठवडे पडतच चाललाय आणि हे सांगूनही प्लॅन तसाच राहतोय, तर दुखापतीची वाट बघायची गरज नाही.

आमच्याकडे आता नवीन माणूस आला की पहिले दोन आठवडे त्याला पेस सांगतच नाही, घड्याळ मनगटावर असू दे पण बघायचं नाही, बोलत पळायचं. मी किंवा दुसरं कोणीतरी सोबत पळतो आणि बघतो की तो दमल्यावर पाय कसे टाकतो, खांदे कुठे जातात. मग पहाटे गारव्यात सपाट ठिकाणी ५ किलोमीटरची वेळ लावतो, सोबत त्याच्यापेक्षा जरासा वेगवान एक जण देतो, आणि त्या वेळेवरून पुढच्या सहा आठवड्यांचे पेस. सहा आठवड्यांनी परत वेळ लावून सगळे आकडे नव्याने.

परवाच एकाने विचारलं की अविनाश करतो ते ४०० मीटरचे इंटरव्हल मला द्या ना, त्याला सध्या आठवड्यात चार दिवस पळणं आणि रात्री साडेदहाला झोपणं एवढंच दिलंय.